छत आपलं, पॅनेल कोणाचं?

गेल्या दोन महिन्यांत तीन गावांच्या जमातींनी, म्हणजे तिथल्या मुस्लिम समाजाने, मला एकच प्रश्न विचारला. मशिदीवर सोलर बसवायचंय, तर कंपनीला छत द्यावं की वक्फ म्हणून, म्हणजे धर्माच्या कामाला कायमची लावून दिलेली वस्तू म्हणून, आपलंच घ्यावं? पॅनेल किती वॅटचं, नेट मीटर कसा चालतो हे आता वायरमनपेक्षा लोकांनाच जास्त माहीत असतं, म्हणून ते सोडून देतो. दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावात दोन्ही प्रकार आहेत. मदरशाच्या स्लॅबवर २०१९ पासून कंपनीचं सोलर आहे, मशिदीवर २०२२ पासून वक्फचं. दोन्ही वेळेला मी कमिटीत होतो, तेव्हा चुकांमध्ये माझाही वाटा आहे.

बँकेचं कर्ज हा तिसरा रस्ता. व्याज आलं, ते आपल्याकडे हराम, विषय संपला.

आधी कंपनीच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू कमजोर नाही. रेस्को म्हणतात त्या पद्धतीत खर्च कंपनीचा, देखभाल कंपनीची; आपण ठरलेल्या दराने युनिटचे पैसे द्यायचे. दीनच्या, म्हणजे धर्माच्या, दृष्टीनेही अडचण नाही. वीज विकत घेणं हा साधा सौदा आहे आणि आमच्या मौलवीसाहेबांनी त्यावर एका वाक्यात होकार दिला होता. २०१९ मध्ये मदरशाची स्लॅब नुकतीच पडली होती, तिच्यासाठी चाकरमान्यांकडून आणि कुवेत-दोहाच्या मंडळींकडून वर्गणी घेऊन झाली होती. पुन्हा त्यांच्यापुढे जायला तोंड नव्हतं. कंपनी आली, एक रुपया न घेता दहा किलोवॅट बसवून गेली, पुढच्या महिन्यापासून बिल उतरलं. तेव्हा दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं, हे आजही कबूल करतो.

एक कागदोपत्री गोष्ट मात्र बघून घ्या. छत वक्फचं असेल तर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला वक्फ बोर्डाची आधी मंजुरी लागते, आणि तीस वर्षांच्या पलीकडचा पट्टा कायद्यानेच बाद ठरतो. सोलरचे करार पंधरा ते पंचवीस वर्षांचे असतात. कंपन्या त्याला भाडेपट्टा म्हणत नाहीत, ‘छत वापरण्याचा परवाना’ म्हणतात. शब्द बदलला की मंजुरी टळते का, हे वकिलाला विचारा, कंपनीच्या माणसाला नको. सड्यावरची वक्फची कातळजमीन सोलरला भाड्याने द्यायचा विचार काही जण बोलून दाखवतात. तिथेही हेच कलम आधी वाचा.

आता माझं मत ज्याने फिरवलं, ती गळती.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. आदल्या वर्षीच्या निसर्ग वादळासारखं ते आमच्या अंगावरून गेलं नाही, समुद्रातून वर सरकलं, पण वारा खूप होता. त्या वाऱ्याने मदरशावरच्या सांगाड्याचा एक पाय हलला असावा. पाय जिथे स्लॅबमध्ये बसवलाय तिथून जूनच्या पहिल्याच सरीला पाणी आत आलं, बरोब्बर हिफ्जच्या, म्हणजे कुराण पाठ करण्याच्या, वर्गावर. कोकणात स्लॅब गळणं यात बातमी काहीच नाही. आपण मे महिन्यात शाकारणी करणारी माणसं. डांबर कुठे ओतायचं, कागद कुठे टाकायचा हे लहान पोरालाही ठाऊक असतं. वर चढायचं, चार पॅनेल उचलायची, भेग भरायची, एका दिवसाचं काम. मी कंपनीला फोन केला. उत्तर आलं, “साइटला हात लावू नका, वॉरंटी जाईल.”

मग वाट बघितली. जुलैच्या शेवटी पुण्याहून एक इंजिनीअर आला, फोटो काढले, भर पावसात पॅनेल उचलता येणार नाहीत म्हणाला. त्याचंही खरं होतं. पोरं व्हरांड्यात बसली, वर्गात चार बादल्या आणि छताखाली बांधलेलं प्लास्टिक. दर अर्ध्या तासाला बादली रिकामी करायची पाळी ठरली होती, आणि सबक (धडा) चुकणारी पोरं त्या पाळीसाठी आपणहून हात वर करायची. ऑक्टोबरात काम झालं तेव्हा खर्चाचा प्रश्न निघाला. करार काढून वाचला. छताची देखभाल छतमालकाची, छतावरच्या वस्तूंची कंपनीची. मधलं भोक कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पैसे शेवटी आम्हीच दिले.

सगळ्या कंपन्या अशा असतील असं मी म्हणत नाही. शहरात, जिथे दुसऱ्या दिवशी माणूस येतो, तिथे हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. पण आमच्याकडे खारा वारा आहे, जुलैचा पाऊस आहे, आणि पुणे घाटापलीकडे आहे. आपल्याच मशिदीच्या, मदरशाच्या छतावर चढायला परवानगी मागावी लागते, हे मला त्या चार महिन्यांत जितकं बोचलं तितकं बिल कधी बोचलं नव्हतं.

म्हणून मशिदीच्या वेळेला वक्फ. तिथे मौलवीसाहेबांनी आम्हाला अडवलं, आणि बरं झालं अडवलं. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मझहबाचे; मझहब म्हणजे इस्लामी कायद्याची परंपरा. शाफई मझहबात रोख रकमेचा वक्फ साधारणपणे मान्य नाही, कारण पैसा वापरला की तो संपतो, आणि वक्फमध्ये तर मूळ राहायला हवं, फळ वाटायला हवं. हजरत उमर यांना खैबरच्या जमिनीबद्दल हुजूरांनी, म्हणजे पैगंबरांनी, हेच सांगितलं होतं: मूळ धरून ठेव, उत्पन्न खैरातीत दे. हनफी या दुसऱ्या मझहबात इमाम जुफर यांच्या मतावर रोख वक्फ चालतो, उस्मानी तुर्कांकडे तर तो शेकडो वर्षं सर्रास चालला. इंडोनेशिया आपल्यासारखाच शाफई, तरी तिथल्या उलेमा परिषदेने २००२ मध्ये रोख वक्फला परवानगी दिली, २००४ मध्ये तसा कायदाही झाला, आणि आता तिथलं सरकार वक्फच्या पैशाला जोडलेले सुकूक, म्हणजे बिनव्याजी रोखे, विकतं. पण आमच्या गावात जकार्ताचा फतवा चालवायचा म्हणजे जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजनंतर तासभर वाद.

मौलवीसाहेबांनी सोपी वाट दाखवली. पैसा वक्फ करू नका. पैशातून पॅनेल घ्या आणि पॅनेल वक्फ करा. टिकाऊ जंगम वस्तूचा वक्फ शाफईंचे मोठे विद्वान इमाम नववी यांच्याकडेही चालतो, पैगंबरांचे साथीदार हजरत खालिद यांनी तर चिलखतं आणि हत्यारं अल्लाहच्या वाटेत लावली होती. सामाईक, न वाटलेला हिस्साही वक्फ करता येतो. या शेवटच्या मुद्द्याने आमचं काम झालं. एका पॅनेलची किंमत एकट्याला जड असेल तर चौघांनी मिळून एक घ्यायचं. दहा पॅनेल, साडेपाच किलोवॅटच्या आत-बाहेर, तीन लाखांच्या आसपास. कोणी वालिदांच्या सवाबासाठी, म्हणजे वडिलांना पुण्य लाभावं म्हणून, पूर्ण पॅनेल दिलं, मुंबईच्या एका खोलीतल्या सहा पोरांनी मिळून एक दिलं. जकातीचा, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेल्या दानाचा, पैसा यात घेतला नाही. त्याचे हकदार वेगळे.

नावं लिहायची का, यावर तीन बैठका झाल्या. काहींचा आग्रह होता की प्रत्येक पॅनेलच्या मागे देणाऱ्याचं नाव रंगवावं. बरं झालं रंगवलं नाही. दुसऱ्याच वर्षी शेजारच्या माडावरून नारळ पडून एक पॅनेल फुटलं, आणि तिघांनी वेगवेगळं येऊन मला हळूच विचारलं, “आमचं तर नाही ना?” सगळं मिळून एकच वक्फ आहे, तुटलं ते जमातीचं तुटलं, असं सांगता आलं. माड मात्र आता दर महिन्याला उतरवून घेतो.

वक्फलाही काटे आहेत, लपवत नाही. इन्व्हर्टर पॅनेलइतका टिकत नाही. आमचा तिसऱ्या वर्षी गेला आणि तेव्हा तिजोरीत त्याच्यासाठी काही नव्हतं. पुन्हा जुम्म्याला झोळी फिरवली. म्हणून पहिल्याच दिवशी दहातला एक रुपया दुरुस्तीसाठी बाजूला काढा, आणि तो वक्फ न म्हणता साधा सदका (ऐच्छिक दान) म्हणूनच ठेवा, म्हणजे खर्च करताना हात बांधलेले राहत नाहीत. सांगाडा साध्या लोखंडाचा घेऊ नका, गंज दोन पावसाळ्यांत दिसतो. आणि लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलर बंदच पडतं, ऊन कितीही असो. निसर्गनंतर गावात कित्येक दिवस वीज नव्हती आणि मदरशावर चकाकणारी पॅनेलं बघून लोक आम्हाला शिव्या घालत होते. मशिदीला आम्ही छोटी बॅटरी जोडली, अजानचा माइक आणि वजूचा (नमाजआधी हातपाय धुण्याचा) पंप तेवढा चालतो.

परदेशातल्या पैशाबद्दल एक सावधगिरी. कुवेतला नोकरी करणारा पण भारतीय पासपोर्टवाला भाऊ बँकेतून आपल्या कमाईचे पैसे पाठवतो, ती विदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने ब्रिटनचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट घेतलाय, त्याचा पैसा मात्र विदेशी देणगीच्या कायद्यात येतो, त्या नोंदणीशिवाय घेऊ नका. माणूस मनाने गावचाच असतो, पण कायदा पासपोर्ट बघतो. आणखी एक: ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वक्फ कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लेखी वक्फनाम्याशिवाय नवा वक्फ होत नाही. आम्ही आधीच लिहून घेतलं होतं, ते मौलवीसाहेबांच्या हट्टामुळे. तोंडी कबुलीवर आता थांबू नका.

धुण्याबद्दल सांगायचं राहिलं. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, आणि काचेवर त्याचा पातळ थर बसतो. मशिदीवर रविवारी फज्रच्या (पहाटेच्या) नमाजनंतर दोन पोरं टाकीच्या पाण्याने पॅनेल धुतात. मी मोजमाप काही केलेलं नाही, पण धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचा आकडा चढलेला वाटतो. मदरशावर धुवायला कंपनीचा माणूस येतो, करारात आहे तेवढ्या वेळा. दोन्ही छतं शेजारी-शेजारी आहेत, जिन्यावरून बघितलं की फरक कळतो.

जमात अगदीच लहान असेल, गावात राहणारं कोणी उरलं नसेल, सगळे मुंबईत किंवा आखातात, तर मी कंपनीला नाही म्हणणार नाही. पॅनेल पुसायला, बोल्ट आवळायला कोणीतरी हवं, आणि वक्फ करून ते वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे. मोठी शाळा किंवा दवाखाना असेल, पन्नास-शंभर किलोवॅटचं काम, तर वर्गणीचा आवाका तिथवर जात नाही हेही खरं. पण पाच-दहा किलोवॅटची मशीद आणि गावात चार धडधाकट पोरं एवढं असेल, तर माझा कल तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. पूर्वी मशिदीच्या दिवाबत्तीला शेत किंवा माडांची वाडी लावून दिलेली असायची, तेलाचा खर्च तिच्यातून निघायचा. पॅनेलचा वक्फ त्याच जातीचा वाटतो मला, फक्त वाडी छतावर गेलीय.

या वर्षी मेमध्ये मशिदीची स्लॅब एका कोपऱ्यात ओली दिसली. गावातल्या वायरमनने लाइन बंद केली, सकाळी आठला तीन पॅनेल उतरवली, भेग भरली, जुहरच्या (दुपारच्या) अजानच्या आधी परत चढवली. कोणाला फोन करावा लागला नाही.

मदरशाच्या करारात पॅनेल विकत घेण्याचं एक कलम आहे. कितव्या वर्षी किती पैसे, याचा तक्ता मागे जोडलेला आहे. सही करताना आमच्यापैकी कोणीच तो वाचला नव्हता. दरवर्षी आकडा खाली येतोय. यंदाचा आकडा कागदावर उतरवून मी पुढच्या बैठकीत ठेवणार आहे.