पीएफटी करायची असेल तर इथे करा, पण वेळ काढून या

आईची पीएफटी म्हणजे स्पायरोमेट्री, नळीत फुंकून फुफ्फुसं किती चालतात ते बघायची टेस्ट, इथे मागच्या महिन्यात केली, खरंतर दुसऱ्यांदा केली. पहिली दुसऱ्या एका लॅबमध्ये झाली होती, नाव घेत नाही. तिथल्या पोराने नळी हातात दिली, मावशी फुंका म्हणाला, आईने फुंकलं आणि दोन सेकंदात दम लागला म्हणून सोडलं, अजून एकदा तसंच, झालं, बाहेर बसा. रिपोर्टवर रिस्ट्रिक्शन. फुफ्फुसं आखडली की काय म्हणून घरात आठवडाभर टेन्शन. छातीच्या डॉक्टरांनी ग्राफ बघितला आणि म्हणाले हे फुंकणं अर्धवट आहे, याला काही अर्थ नाही, परत करून आणा, आणि इथे पाठवलं.

इथे फोनवरच सांगितलं की पोटभर जेवून येऊ नका, आणि त्रास होत नसेल तर निळा पंप चार तास आधीपासून घेऊ नका, बाकीच्या पंपांचं डॉक्टरांना विचारा. गेल्यावर चपला काढून उंची मोजली (आधी कुणी मोजलीच नव्हती, आईने सांगितली तीच लिहिली होती), कारण नॉर्मल किती ते वय, उंची आणि बाई की पुरुष यावरून काढतात. हल्लीच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय का विचारलं. आई कवळी काढायला लागली तर म्हणे राहू द्या, कवळी असली की ओठ नळीवर घट्ट बसतात.

मग खरी मजा. नाकाला चिमटा, तोंडात नवीन फिल्टर लावलेली नळी, आणि ती टेक्निशियन पोरगी अक्षरशः ओरडते, पूर्ण श्वास घ्या घ्या घ्या आणि आता धाडकन सोडा, अजून अजून अजून, थांबू नका काकू! आईने गावाला तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केलाय त्यामुळे फुंकायचं म्हटलं की फुंकणीसारखं गाल फुगवून बेताने फुंकणार. पोरीने ते लगेच ओळखलं, फुंकणी नाही काकू, हवा एकदम बाहेर फेकायची आणि मग फुफ्फुस रिकामं होईपर्यंत सोडत राहायचं. चार वेळा करून घेतलं, मधे पाणी, विश्रांती, कारण चांगले तीन प्रयत्न लागतात आणि त्यातले सगळ्यात मोठे दोन आकडे 150 मिलीच्या आत जुळायला हवेत. मग श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलचे (तोच निळा पंप) चार पफ स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या डब्यातून, 15 मिनिटं बसवलं आणि सगळं परत.

पफनंतरचे आकडे असे की एकूण सोडलेली हवा म्हणजे एफव्हीसी 1.96 लिटर, पहिल्या सेकंदातली म्हणजे एफईव्ही1 1.18, म्हणजे एकूण हवेच्या 60 टक्के. ही टक्केवारी 70 च्या खाली म्हणजे नळ्यांमध्ये अडथळा. जुन्या लॅबमध्ये एफव्हीसी 1.42 आली होती कारण आईने मधेच सोडलं, आणि एफईव्ही1 1.08, त्यामुळे तीच टक्केवारी 76 दिसली आणि अडथळा लपला. मशीनचा दोष नव्हता, फुंकून घेणाऱ्याचा होता. पफने एफईव्ही1 फक्त 80 मिली वाढला म्हणून डॉक्टर म्हणाले दम्यापेक्षा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, जास्त वाटतो. आईने आयुष्यात बिडी ओढली नाही, पण चुलीच्या धुरानेही होतो हे मला तेव्हा कळलं, आणि तिचं तोंड बघून मला कसंतरीच झालं.

आता तक्रारी. लिफ्ट नाही आणि सेंटर दुसऱ्या मजल्यावर, दम लागणाऱ्या पेशंटसाठी! आईला वर पोचायला तीनदा थांबावं लागलं. अपॉइंटमेंट अकराची, नंबर पावणेएकला. आणि रिपोर्टमध्ये आपणहून ग्राफचं पान देत नाहीत, मागून घ्या, डॉक्टर आकड्यांच्या आधी तेच बघतात. आठशे रुपये घेतले, पफच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही धरून, मला ठीक वाटले.

पुढची टेस्ट वर्षाने आहे, आई आत्तापासून सांगून ठेवतेय की त्या ओरडणाऱ्या पोरीकडेच जायचं.