सराउंड सिस्टिममधला आवाज आणि चित्राचा मेळ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सराउंड सिस्टिम घेताना वॅट, स्पीकरांची संख्या आणि सबवूफरचा आकार यांची भरपूर चौकशी होते. आवाज चित्राच्या मागेपुढे होतो का, हे मात्र दुकानात सहसा कोणी विचारत नाही. डेमोच्या खोलीत ते जाणवतही नाही, कारण तिथे बहुधा एकाच यंत्रावरून ठरावीक दृश्ये दाखवली जातात आणि त्यांत बोलणारे चेहरे कमी, स्फोट जास्त असतात. आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये एक मध्यम किमतीचा एव्ही रिसीव्हर (यंत्रांकडून आवाज घेऊन तो स्पीकरांना वाटणारी पेटी), ५.१ स्पीकरांचा संच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आणि ४के टीव्ही अशी जुळणी गेले काही महिने रोज वापरात आहे. आवाजाच्या दर्जाबद्दल माझे काही म्हणणे नाही, तो उत्तम आहे. हे लिखाण फक्त ओठ आणि शब्द यांची जी फारकत होते, तिच्याबद्दल आहे.

दोष बहुतेक वेळा आवाजाकडे नसून चित्राकडे असतो. टीव्ही प्रत्येक फ्रेम साठवतो, तिचा आकार वाढवतो, तिच्यातले दाणे पुसतो आणि हालचाल गुळगुळीत करण्याची सोय चालू असेल तर दोन फ्रेमांच्या मध्ये नवी फ्रेम रचतो. अशी मधली फ्रेम रचायची तर नंतरची फ्रेम आधी हातात यावी लागते, म्हणजे वाट पाहणे आलेच. चित्रपटाची एक फ्रेम सेकंदाचा २४वा भाग, म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद टिकते. टीव्हीने अशा दोन-तीन फ्रेमा अडवून ठेवल्या की चित्र सहज सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत मागे पडते. टीव्ही स्वतःच्या स्पीकरसाठी आवाज तेवढाच रोखून धरतो, म्हणून नुसत्या टीव्हीवर हा प्रश्न क्वचितच दिसतो. आवाज बाहेरच्या रिसीव्हरकडे गेला की हा हिशेब बिघडतो.

आवाज पुढे जाणे आणि मागे राहणे या दोन गोष्टी कानाला सारख्या नसतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून दूरचा सामना पाहताना बॅट फिरलेली आधी दिसते आणि ‘टक्’ मागाहून ऐकू येते, कारण शंभर मीटर कापायला ध्वनीला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतो. त्याचे कोणालाच नवल वाटत नाही. बॅट लागण्याआधीच आवाज आला तर मात्र माणूस चमकेल. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ सालच्या बीटी.१३५९ या शिफारशीत हाच भेद आकड्यांत आहे : आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की तो लक्षात येऊ लागतो, मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. युरोपीय प्रसारकांच्या संघटनेची मर्यादा याहून कडक आहे, ४० पुढे आणि ६० मागे.

रिसीव्हरमधली ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप-सिंक’ ही सोय फक्त आवाज मागे ढकलू शकते. आवाज चित्राच्या पुढे असेल तर तो जागेवर आणता येतो. आधीच मागे पडला असेल तर ती सोय निरुपयोगी आहे. त्यामुळे आकड्याशी खेळण्याआधी आवाजाला रिसीव्हरपर्यंत शक्य तितक्या लवकर पोहोचवणे हेच खरे काम आहे, आणि हे एकदा ध्यानात आले की उरलेली सगळी जुळणी आपोआप ठरत जाते.

आमच्याकडे सुरुवातीला सेट-टॉप बॉक्स आणि स्ट्रीमिंग स्टिक टीव्हीला जोडलेले होते आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबलने आवाज रिसीव्हरकडे येत असे. स्टिकवरून येणारा आवाज टीव्ही आधी उलगडत असे आणि ऑप्टिकलसाठी पुन्हा डॉल्बी डिजिटल या आटोपशीर स्वरूपात गुंडाळत असे. डॉल्बी डिजिटलचा एकेक तुकडा ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) १,५३६ नमुन्यांचा, म्हणजे ३२ मिलिसेकंदांचा असतो. तो पुरा भरल्याशिवाय पुढे जात नाही, आणि पुढे रिसीव्हरला तो उलगडायला पुन्हा वेळ लागतो. परिणामी काही कार्यक्रमांत आवाज मागे राहत असे आणि रिसीव्हरचा डिले शून्यावर असूनही काही करता येत नसे. सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने महागडी केबल सुचवली. लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात तशी केबल मिळते, परंतु दोन मीटर तारेतून संकेत जायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजावा लागतो. केबल खराब असेल तर चित्र तुटेल, आवाज जाईल, पण तो उशिरा येणार नाही.

उपाय निघाला तो जोडणी उलटवण्यातून. आता बॉक्स आणि स्टिक दोन्ही थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटमध्ये आहेत आणि तिथून चित्र टीव्हीकडे जाते. आवाज वाटेतच उतरतो, चित्र टीव्हीत रेंगाळते, म्हणून आवाज नेहमी पुढेच असतो आणि डिले लावून जुळवता येतो. टीव्हीमधल्या अ‍ॅप्सचा आवाज तेवढा ईआर्कने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून उलट रिसीव्हरकडे नेणाऱ्या एआरसी या सोयीची सुधारित आवृत्ती) परत येतो आणि त्यासाठी टीव्हीचे डिजिटल आउटपुट ‘पासथ्रू’वर, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवण्यावर, ठेवले आहे. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आले आणि ईआर्क २०१७ च्या २.१ बरोबर, ईआर्कमध्ये लिप-सिंकची दुरुस्ती सक्तीची आहे, त्यापूर्वी ती उत्पादकाच्या मर्जीवर होती. आमच्याकडे त्या वाटेवर स्वयंचलित जुळणी समाधानकारक चालते. बाकी इनपुटांवर मी ती बंद करून हाताने आकडा दिला आहे, कारण टीव्ही रिसीव्हरला कळवतो तो आकडा चित्राचा मोड बदलल्यावर बदलेलच असे नाही.

मोजमापासाठी मोबाईलचा २४० फ्रेमचा स्लो-मोशन पुरतो, मात्र त्यात आवाज नोंदला जातो याची खात्री करावी. पडद्यावर ठिपका चमकताच ‘बीप’ वाजणारी चाचणीची क्लिप लावायची, फोन आपल्या डोक्याच्या उंचीवर सोफ्यापाशीच धरायचा आणि नंतर ठिपका व आवाजाची लाट यांमधल्या फ्रेमा मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. शेवटची खातरजमा मी वृत्तनिवेदकाच्या तोंडाकडे पाहून करतो. प, ब, म उच्चारताना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे ‘मुंबई महापालिका’ असे शब्द आले की ओठ मिटण्याचा आणि व्यंजनाचा क्षण पडताळता येतो. डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट या कामासाठी अर्थातच बाद.

एकच आकडा सगळीकडे चालत नाही. सेट-टॉप बॉक्स ५० हर्ट्झवर चालतो, स्टिक चित्रपट २४ फ्रेमने पाठवते, आणि टीव्हीची प्रक्रिया दोन्हींसाठी वेगळी असते. आमच्याकडे बॉक्सला सुमारे ९० आणि स्टिकला १३० च्या आसपास मिलिसेकंद लागतात. मुलगा गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारी टीव्हीची सोय) लावतो तेव्हा तीसही पुष्कळ होतात. आमचा रिसीव्हर प्रत्येक इनपुटचा डिले वेगळा लक्षात ठेवतो, हा त्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण आहे, आणि खरेदीपूर्वी मॅन्युअलमध्ये हीच ओळ शोधावी असे मी आग्रहाने सांगेन. टीव्हीचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर स्टिकचा आकडा एकदा पुन्हा लावावा लागला. तेवढी तयारी ठेवावी.

स्पीकरांचे अंतर हा याहून निराळा विषय आहे, जरी मेनूत दोन्ही शेजारी असले तरी. ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. आमच्या हॉलमध्ये पुढचे स्पीकर सोफ्यापासून अडीच मीटरवर आणि मागचे जेमतेम मीटरभर आहेत, म्हणून रिसीव्हर मागच्यांना चार-पाच मिलिसेकंद थांबवतो. रिसीव्हरच्या मोजणीच्या माइकने सबवूफरचे अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवले तरी ते बदलू नये. त्याच्या आतल्या फिल्टरमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

ब्लूटूथ हेडफोनचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. रात्री दहानंतर शेजाऱ्यांचा विचार करून मी हेडफोन लावतो, आणि साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथसाठी आवाज गुंडाळण्याची एक पद्धत) आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. त्यासाठी चित्र मुद्दाम मागे ढकलण्याची सोय आमच्या टीव्हीत नाही. म्हणून तारेचा हेडफोन रिसीव्हरच्याच जॅकमध्ये घालतो. तिथे स्पीकरांसाठी लावलेला डिले जसाच्या तसा लागू होतो. तार सोफ्यापर्यंत पुरावी म्हणून एक्स्टेंशन घ्यावे लागले आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्यांनी ती ओलांडताना जपावे लागते.