चंब्यातला 'राणीचा रुमाल' आणि माझे ३०,७०० रुपये

गेल्या ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातील चंबा या लहानशा डोंगरी शहरात माझी ३०,७०० रुपयांची फसवणूक झाली. हे लिहायला मी इतके महिने लावले, कारण मी चाळीस वर्षे भरतकाम करते आणि मला फसवले गेले ते भरतकामातच. घरी अजूनही सगळ्यांना पूर्ण रक्कम सांगितलेली नाही.

आम्ही दोघे झेलम एक्स्प्रेसने पठाणकोटला उतरून बसने चंब्याला गेलो. लक्ष्मीनारायण मंदिरांच्या आवारात पन्नाशीच्या एका गृहस्थांनी आपण होऊन माहिती सांगायला सुरुवात केली. दलाल कसे मागे लागतात हे तुम्हाला सांगायला नको, मलाही ते माहीत होते. पण या माणसाने पैशाचा विषयच काढला नाही. दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने भरमौरहून राजधानी येथे आणली, मुलीच्या, चंपावतीच्या, नावावरून शहराला नाव मिळाले, आणि शहराला पाणी मिळावे म्हणून त्याच्या राणीने स्वतःला जिवंत पुरून घेतले, ही सुही मातेची कथा त्याने इतक्या मनापासून सांगितली की माझे डोळे भरून आले. त्यानंतर त्याने सांगितले की भुरीसिंह संग्रहालय आज बंद आहे, मात्र राजवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या एका घरात जुने चंबा रुमाल, म्हणजे येथले रेशमाने भरलेले पारंपरिक रुमाल, आहेत. एखादे ठिकाण बंद असल्याचे कोणी वाटेत सांगितले, तर आधी त्या दारापर्यंत चालत जा. मी गेले नाही, आणि संग्रहालय त्या दिवशी उघडे होते.

त्या घरात ट्रंकेतून, मलमलीत गुंडाळलेला, रासमंडलाचा रुमाल बाहेर आला. राजा भुरीसिंहांच्या काळातला, राणीच्या रुखवतातला, असे सांगण्यात आले. ४५,००० रुपयांवरून घासाघीस करून मी २८,५०० वर आणले आणि आपण जिंकलो असे मला वाटले. ८,५०० रोख दिले, २०,००० यूपीआयने पाठवले, 'शंभर वर्षांहून जुना' असे स्टँप पेपरवर लिहून देण्याचे १,५०० आणि त्या गृहस्थांना ७०० वेगळे. यूपीआय करताना पडद्यावर नाव आले ते घरातल्या कोणाचेच नव्हते. 'भाच्याचे खाते आहे, माताजी,' असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. नाव जुळत नसेल तर फोन खाली ठेवावा.

पण माझे मन ज्या क्षणाकडे रोज परत जाते तो याच्या आधीचा आहे. चंबा रुमालाची ओळखच मुळी दोरुखा टाका ही आहे: बिनपिळाच्या रेशमाने तो असा भरतात की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, कोठे गाठ नाही, उलटी बाजू म्हणून काही नाही. हे मी जाण्यापूर्वीच वाचले होते. भरतकाम नेहमी मागून पाहावे, हे आई मी दहा वर्षांची असल्यापासून सांगत असे. आणि या रुमालाला मागून अस्तर लावलेले होते. ज्या कापडाला मागची बाजूच नाही त्याला अस्तर कशासाठी? मी ते विचारले, हे मात्र मला सांगितलेच पाहिजे. 'जुने आहे, विरू नये म्हणून,' असे त्यांनी सांगितले. मी कोपऱ्यातली शिवण नखाने थोडी उचललीसुद्धा, आत पांढऱ्या दोऱ्याची रेघ दिसली, आणि तेवढ्यात त्या घरातल्या म्हातारीने माझ्या हातात चहाचा पेला ठेवला. मी नख काढून घेतले. परक्याच्या घरी, वडीलधाऱ्या बाईसमोर, तिची वस्तू उसवणे मला असभ्य वाटले. याला कोणी मूर्खपणा म्हणेल. मी तसे मानत नाही, कारण त्या सभ्यतेवरच तो सगळा बेत उभा होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात रुमाल भरत बसलेल्या एका मुलीने आपले अर्धे काम माझ्या हातात दिले आणि उलटून दाखवले. कृष्णाचा पिवळा पीतांबर इकडूनही तसाच, तिकडूनही तसाच होता. खोलीवर येऊन मी माझ्या रुमालाचे अस्तर पूर्ण उसवले: मागे यंत्राच्या बॉबिनचा पांढरा दोरा, जागोजागी गाठी, आणि कापड चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केलेले.

पुढचा अनुभव फसवणुकीहून अधिक संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून 'हा खरेदी-विक्रीचा वाद आहे' असे सांगण्यात आले. एका अंमलदाराने तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू विकायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा तुम्हीच विनापरवाना विक्रेत्याकडून घेतली, असे मलाच ऐकवले. वस्तू जुनी नाही हीच माझी तक्रार होती! अशा विक्रेत्याला परवाना आधी विचारा, तो तेथेच गप्प होईल. माझ्या गावच्या ठाण्यात 'घटना तिकडची आहे' म्हणाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती तो कोठेही घडला असला तरी नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील पानासह दाखवले, तर साहेब रजेवर आहेत असे कळले. बँकेने पिन तुम्हीच टाकला, असे लेखी दिले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, म्हणून तेथे गेले, तर विरुद्ध पक्षाचा पत्ता हवा. स्टँप पेपरवरचा पत्ता खोटा निघाला आहे. खातेदाराचा पत्ता बँक पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाही आणि पोलीस गुन्हा नोंदवल्याशिवाय पत्र देत नाहीत.

ट्रंक, माणसे आणि घराचे दार यांचा एकही फोटो मी काढला नव्हता, तुम्ही काढा. उसवलेला रुमाल, अस्तर आणि स्टँप पेपर मी एका पाकिटात जपून ठेवले आहेत. गेल्या महिन्यात पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.