व्हीलचेअरचं घर शोधताना : आमच्या एजंटाबद्दल सविस्तर

सहा महिन्यांत चौदा घरं पाहिली आणि पंधरावं घेतलं. ताबा मिळून तीन आठवडे झालेत. ज्या एजंटामार्फत हे घर घेतलं त्यांच्या कामाबद्दल लिहायचं मी फार आधी ठरवलं होतं. मी शोध सुरू केला तेव्हा एजंटांविषयी वाचायला मिळायचं ते एक तर ‘फार चांगला माणूस’ नाहीतर ‘निव्वळ लुटारू’, आणि त्यावरून मला काहीच ठरवता येईना.

आई ७४ वर्षांची आहे. घरात वॉकरवर चालते, बाहेर व्हीलचेअर लागते, आणि पुढे घरातही लागेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे आमच्यासाठी खोल्या किती यापेक्षा दारं केवढी हा प्रश्न मोठा होता. पहिल्या भेटीत एजंटांनी खोल्या, बजेट आणि ‘कधीपर्यंत हवंय’ एवढं विचारलं. घरात राहणार कोण, हे विचारलं नाही. मीच आईबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं : ‘लिफ्ट पाहिजे.’

पहिल्या चारही घरांना लिफ्ट होती. तिसऱ्या घरात मात्र लिफ्टपर्यंत पोहोचायलाच तीन पायऱ्या. ते म्हणाले, “ताई, एक फळी टाकली की झालं.” मी शाळेत गणित शिकवते. त्यांच्याच कागदाच्या मागे हिशोब मांडून दाखवला. व्हीलचेअरच्या रॅम्पला एकास बारा हा उतार धरतात. एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प. तिथे पुढे मोकळी जागा होती सात फूट. सात फुटांत अठरा इंच चढवायचे म्हणजे ढकलणाऱ्याचा हात सुटला तर आई सरळ रस्त्यावर. ते काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या वेळी आले ते स्वतःची मोजपट्टी घेऊन.

त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. सहाव्या-सातव्या घरापासून मला ‘येऊ नका’ असे फोन यायला लागले. “ताई, घर छान आहे, पण बाथरूमचं दार चोवीस इंच आहे. तुमचा वेळ जाईल.” खुर्ची नीट जायला मोकळी जागा निदान बत्तीस इंच हवी. ती चौकटीची मोजायची नसते. दार काटकोनात उघडायचं आणि दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजायचं, कारण उघडलेल्या दाराची जाडीही जागा खाते. हे त्यांना मी एकदाच सांगितलं. पहिल्यांदा त्यांचं माप चुकलं होतं, नंतर एकदाही चुकलं नाही. खुर्ची पूर्ण वळवायला साधारण पाच फूट व्यासाची जागा लागते, म्हणून ते स्वयंपाकघरात जमिनीवर खडूने गोल काढून बघायचे. घरमालक चमकून पाहायचे. माझ्या डोळ्यांत मात्र एकदा पाणी आलं, कारण नातेवाइकांपैकीही कुणी आईसाठी इतकं वाकून मोजलं नव्हतं.

मी पाहिली ती चौदा घरं. माझ्यापर्यंत येऊच न देता त्यांनी किती बाद केली ते मला माहीत नाही. दलाली वसूल झाली असेल तर ती त्या न पाहिलेल्या घरांत.

अकरावं घर आम्हा दोघींनाही आवडलं होतं. आईने खिडकीपाशी खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवलं होतं. एजंटांनी मालकांना विचारलं, “सगळं घर जुन्या रंगात आणि ही एकच भिंत नवी का?” खिळे काढले होते, म्हणून रंग दिला, असं उत्तर आलं. ते जिना चढून वरच्या मजल्यावर गेले आणि शेजाऱ्यांशी बोलून आले. वरच्यांच्या बाथरूमची गळती दोन वर्षांपासूनची होती, आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं. भिंतीतली ओल काढता येते. ते भांडण आम्हाला विकत घ्यायचं नव्हतं.

त्या घराच्या मालकांचा एजंट वेगळा होता. पंधराव्या घराचे मालक मात्र याच एजंटांचे ग्राहक निघाले, आणि इथपासून माझं मत तितकंसं चांगलं नाही.

मी थेट विचारलं, “दोन्ही बाजूंकडून घेणार का?” ते आढेवेढे न घेता ‘हो’ म्हणाले, आणि मी मागितल्यावर तसं लिहूनही दिलं. हा प्रामाणिकपणा मी मानते. पण किमतीचं बोलणं सुरू झालं आणि त्यांचा सूर बदलला. आतापर्यंत ‘घाई करू नका’ म्हणणारा माणूस ‘दुसरी पार्टी तयार आहे, आजच कळवा’ म्हणू लागला. पहिल्या भेटीत मी त्यांना आमचा वरचा आकडा सांगून ठेवला होता. मालकांची मागणी नेमकी त्या आकड्याच्या जरा खाली येऊन थांबली. त्यांनी तो आकडा तिकडे सांगितला असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण आकडा सांगायला नको होता. आमची ताकद किती हे पहिल्या दिवशी बँकेच्या मंजुरीपत्रावरून कळतंच, असं कुणी म्हणेल, तर त्या पत्रातही हव्या त्या घरापुरतीच रक्कम लिहून मागता येते.

हे माणसाच्या स्वभावापेक्षा दलालीच्या रचनेत आहे, असं मला वाटतं. समजा दलाली २ टक्के. शंभराचं घर पंच्याण्णवाला मिळालं तर माझे पाच वाचतात आणि एजंटांचे दोनाचे एक पूर्णांक नऊ दशांश होतात. तेवढ्या फरकासाठी ते महिनाभर घासाघीस कशाला करतील? त्यांना व्यवहार व्हायला हवा, आणि लवकर व्हायला हवा. मालकांच्या बाजूनेही तेच घडतं. स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या शिकागो परिसरातले सुमारे एक लाख घरांचे व्यवहार तपासले होते. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असं त्यात आढळलं. म्हणजे थांबण्याचा फायदा त्यांना पक्का माहीत असतो.

मी थांबले. दहा दिवस फोन केला नाही. मग मालकांशी समोरासमोर बसायची वेळ मागितली आणि दोन्ही बाथरूमची दारं रुंद करण्याचा मिस्त्रीने लिहून दिलेला अंदाज त्यांच्यापुढे ठेवला. मालकीण बाई समजूतदार होत्या. तो सगळा खर्च किमतीतून वजा झाला. ‘दुसरी पार्टी’ कधीच समोर आली नाही. या बैठकीत एजंट हजर होते, पण एक शब्द बोलले नाहीत. गप्प राहिले हेही त्यांनी बरंच केलं.

कागदपत्रांत मात्र हाच माणूस पुन्हा पहिल्यासारखा. घर दोन भावंडांच्या नावावर, त्यातला भाऊ परदेशात. त्याने बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र दिलं होतं आणि मी ते पाहून निश्चिंत झाले होते. एजंटांनी ते ओळीओळीने वाचलं. घर सांभाळायचा, भाड्याने द्यायचा, कर भरायचा अधिकार होता, विकायचा नव्हता. नवं मुखत्यारपत्र येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्यातले दोन आठवडे ते फोन उचलत नव्हते, आणि आमच्या भाड्याच्या घराची मुदत संपत आलेली. त्या दिवसांतली रात्रीची झोप मला कुणी परत देणार नाही. एक ओळीचा निरोप पुरला असता.

घरावर जुनं कर्जही बाकी होतं. त्यांनी एका पानावर क्रम लिहून दिला : इसार कधी, कर्जाची बाकी थेट बँकेत कुणी भरायची, बोजा उतरल्याचं पत्र आणि मूळ कागद कुणाच्या हातात यायचे, आणि उरलेली रक्कम त्यानंतरच. वर म्हणाले, “हे तुमच्या वकिलांना दाखवा. मी सुचवलेल्या नको, तुमच्या.” माझ्या वकिलांनी त्या पानात एकच दुरुस्ती केली : व्यवहार मोडला तर इसार किती दिवसांत परत, ते करारात लिहा. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

ताब्याच्या दिवशी ते सकाळी आमच्या आधी पोहोचले होते. सगळे नळ एकदम सोडून पाणी उतरतं का पाहिलं, मीटरच्या आकड्यांचे फोटो दोन्ही बाजूंना पाठवले, किल्ल्या मोजून दिल्या. मग आईची खुर्ची स्वतः ढकलत प्रत्येक दारातून नेली. बाथरूमच्या दारांचं काम तेव्हा झालेलं नव्हतं, तिथे ती अडली. आता अडत नाही.

पाचांपैकी चार देते. एक किमतीच्या वेळी गेला. ते दोन आठवडेही मी विसरलेले नाही, पण त्यासाठी आणखी कापत नाही.

धाकट्या बहिणीला पुढच्या वर्षी घर घ्यायचंय. तिला यांचाच नंबर दिलाय. घरात कोण राहणार ते पहिल्या पाच मिनिटांत सांग, असं बजावलंय, आणि वरचा आकडा शेवटपर्यंत सांगू नकोस, हेही.