ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलची वेबसाइट: चार तारे
बाबा गेल्यावर वावराच्या फेरफारासाठी एका कार्यालयात मला दोन हजार मागितले होते. नोटा मोजणारी ती बोटं अजून डोळ्यासमोरून हलत नाहीत. म्हणून परवा कापसाच्या गंजीवर बसून पोरीकडून ही वेबसाइट वाचून घेतली. मराठी नाही, एक तारा त्याचाच कापला. जागतिक बँकेतली नोकरी सोडून पीटर आयगेन यांनी १९९३ साली बर्लिनमध्ये ही भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणारी संस्था काढली. कोणत्या देशात किती भ्रष्टाचार, हे सांगणारा १९९५ पासूनचा त्यांचा निर्देशांक तज्ज्ञ आणि उद्योजकांच्या मतांवर ठरतो, म्हणजे आमच्यासारख्यांना कोण विचारतं? पण २००३ पासूनचं ‘ग्लोबल करप्शन बॅरोमीटर’ हे त्यांचं सर्वेक्षण थेट सामान्य माणसाला विचारतं: लाच द्यावी लागली का? पोरीनं हा प्रश्न दोनदा वाचला. बाप्पा, गळाच दाटला माझा.