गावदेवीजवळचं परदेशी कागदपत्रांचं ऑफिस: अपोस्टिलसाठी जा, ‘स्पेन पॅकेज’ घेऊ नका

साडेतीन स्टार. ते सगळे बाहेर काउंटरवर बसणाऱ्या मुलांचे. कापलेला दीड स्टार आत केबिनमध्ये बसून पॅकेज विकणाऱ्या साहेबांच्या खात्यावर.

ऑफिस ठाणे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, गावदेवी मैदानाच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. अशी ऑफिसं आता नौपाड्यात आणि वाशीतही गल्लोगल्ली झाली आहेत, त्यामुळे हे वाचून कुठेही गेलात तरी उपयोग होईल.

काम असं होतं. जावई मूळ मडगावचा. आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, तिथल्या दप्तरी नोंदलेला, त्यामुळे त्याच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे आणि इथल्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. लेकीचा पासपोर्ट भारतीय. जावयाला स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नोकरी लागली आणि दोघांनी तिकडे राहायचं ठरवलं. इथली धावपळ माझ्याकडे आली, कारण मी रिटायर्ड. नोकरी बँकेत केली, त्यातही बरीच वर्षं कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. समोरचा माणूस कागद हातात कसा घेतो यावरून मला त्याचं काम कळतं.

काउंटरवरच्या मुलाने विवाह प्रमाणपत्र पुढे-मागे उलटून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “काकू, लॅमिनेट नाही ना केलंय?” तिथेच त्याला पास केलं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी खूण. त्याचा स्टिकर मूळ कागदावरच चिकटवतात, लॅमिनेट केलेला कागद परत येतो. मग त्याने क्रम सांगितला. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, ते मंत्रालयातून. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, स्पेनही आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. लग्न विशेष विवाह कायद्याखाली ठाण्यातच नोंदवलेलं होतं, म्हणून कागदावर वाद नव्हता. तरी त्याने प्रमाणपत्राची ताजी प्रत काढायला लावली. परदेशातली ऑफिसं जुन्या प्रतीवर कधीकधी अडून बसतात म्हणाला.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. स्पॅनिश भाषांतराचं विचारलं तर म्हणाला, इथे करूच नका. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाची शपथबद्ध भाषांतरकारांची यादी असते, त्यातल्याच माणसाचा शिक्का तिथे चालतो. शिवाय भाषांतर अपोस्टिलनंतर करायचं, म्हणजे अपोस्टिलचा मजकूरही त्यात येतो. त्याला हवं असतं तर तिथल्या तिथे भाषांतराचे पैसे माझ्याकडून काढता आले असते. नाही काढले. साक्षांकन, अपोस्टिल, नेणं-आणणं मिळून जे घेतलं ते मला महाग वाटलं नाही. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे हे खरं, पण मंत्रालयाच्या रांगेत मी काही उभी राहणार नव्हते.

आता केबिन. साहेबांनी छापील कोटेशन पुढे सरकवलं: ‘स्पेन पॅकेज, दोघांची रेसिडेन्सी’, ₹४५,०००. त्यात व्हिसा फी, हॉटेल बुकिंग, प्रवास विमा, दोघांचा खासगी आरोग्य विमा आणि तिथल्या ऑफिसची अपॉइंटमेंट. मी कोटेशन घरी आणलं, जावयाला फोटो पाठवला आणि दोघांनी युरोपियन युनियनची आणि स्पेन सरकारची माहिती समोर ठेवून एकेक ओळ तपासली. एकही ओळ टिकली नाही.

मुळात ‘दोघांची रेसिडेन्सी’ अशी एक गोष्टच नाही. जावई युरोपियन युनियनचा नागरिक, त्याला स्पेनमध्ये राहायला कुणाची परवानगी लागत नाही. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर त्या तीन महिन्यांच्या आत परदेशी नागरिकांच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवायचं, एवढंच. हा २००७ चा कायदा आहे. फॉर्म ईएक्स-१८, बँकेत भरायची फी बारा युरोच्या आसपास, आणि हातात एक हिरवा कागद. त्यावर फोटो नसतो, म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवावाच लागतो. लेक भारतीय, तिची वाट वेगळी. तिने युरोपियन नागरिकाची पत्नी म्हणून ईएक्स-१९ भरायचा. बोटांचे ठसे, फोटो, आणि पाच वर्षांचं कार्ड. त्यावर नोकरीही करता येते. दोन्ही कामांना माणसाने स्वतः तिथे हजर राहावं लागतं. ठाण्यात बसून साहेब त्यात काय करणार होते, हे मला अजून कळलेलं नाही.

व्हिसा फीचं तर हसूच आलं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या थोड्या मुदतीच्या व्हिसाला, एरवी २०२४ पासून ९० युरो पडतात. पण युरोपियन नागरिक आपला देश सोडून युनियनमधल्या दुसऱ्या देशात राहायला जातो तेव्हा त्याच्या बायकोला व्हिसा फुकट असतो, आणि तिच्याकडून हॉटेल बुकिंग किंवा प्रवास विमा मागायचा नसतो. लग्नाचा पुरावा आणि नवऱ्याबरोबर जातेय याचा पुरावा, मुद्दा संपला. हे साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “मॅडम, सेफ साइडला असलेलं बरं.” कर्जाच्या फायलीत असं कोणी मला म्हटलं असतं तर फाइल तशीच परत केली असती.

आरोग्य विम्याचं जरा समजून घ्या, कारण इथे सगळेच पॅकेजवाले गोंधळ घालतात. स्पेनने २०१२ मध्ये नियम कडक केला, तेव्हापासून नोंदणीच्या वेळी पोट भरण्याची सोय दाखवावी लागते. नोकरी असेल तर नोकरीचा करार पुरतो. नोकरी नसेल, म्हणजे कोणी रिटायर होऊन तिकडे राहायला गेलं असेल, तर पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा दोन्ही दाखवायचे. जावयाकडे करार होता. त्याला खासगी विमा विकणं म्हणजे सरळ पैसे उकळणं.

अपॉइंटमेंट स्पेन सरकारच्या साइटवर फुकट मिळते. पटकन मिळत नाही ही गोष्ट खरी. लेक पहाटे उठून साइट उघडायची. पण त्याआधीचं पाऊल पॅकेजमध्ये नव्हतंच. ते म्हणजे नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद, तिकडे त्याला पाद्रोन म्हणतात. घराचा करार घेऊन गेलं की होते. पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे तोच कागद विचारतात, आणि ही नोंद तिथे राहणाऱ्या प्रत्येकाने करायची असते, स्पॅनिश असो की परदेशी.

जावयाच्या हिरव्या कागदावर परदेशी ओळख क्रमांक आला. सुरुवातीला एक्स, वाय किंवा झेड, मग सात आकडे, शेवटी एक अक्षर. ते शेवटचं अक्षर २३ ने भागून उरणाऱ्या बाकीवरून ठरतं. मी कागदावर भागाकार करून पाहिला, बरोबर आला. सवय जात नाही.

केबिनमध्ये ‘युरोपियन देश’ असा तक्ता लावलाय, त्यात ब्रिटन अजून आहे. शेजारच्या बाईंचा भाचा लंडनला, ब्रिटिश पासपोर्टवाला. तो तक्ता बघून त्या खूश झाल्या होत्या. पण ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलाय. २०२० संपल्यावर ब्रिटनहून नव्याने जाणाऱ्याला ही नोंदणी लागू नाही, त्याला भारतीयासारखीच परवानगी काढावी लागते. नॉर्वे, आइसलँड, लिकटेन्स्टाइन आणि स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीत, पण त्यांना मात्र हाच नियम आहे. तक्त्यात ते चारही नाहीत.

लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर कुणाला तरी बरोबर न्या. दुपारी जेवणाच्या वेळेत शटर अर्धं ओढलेलं असतं. पैसे यूपीआयने घेतात, जीएसटीचं बिल मागितल्यावरच देतात. मूळ कागद देताना हाताने लिहिलेली पावती मिळते. तिच्यावर प्रमाणपत्राचा नंबर घालायला सांगा, ते स्वतःहून घालत नाहीत.