विजापूर रोडची ग्राउंड बॅच: इथला मोजायचा टेप खरा आहे

पोलीस भरतीच्या ग्राउंडसाठी, म्हणजे मैदानी चाचणीसाठी, सोलापुरात कुठं बॅच लावू असं आठवड्यातनं दोन-तीन पोरी तरी मला विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांब होईल पण वाचा, यात पैसे पण जातात आणि वर्ष पण जातं.

मी आत्ता जाते ती बॅच विजापूर रोडला, नेहरूनगर सोडून थोडं पुढं, एका मोकळ्या रानात भरते. बोर्ड नाही, फ्लेक्स नाही, सिलेक्शन झालेल्यांचे फोटो लावलेले नाहीत. फौजेतनं रिटायर झालेले एक सर घेतात, आम्ही सगळे त्यांना मेजर म्हणतो, फौजी माणसाला आपल्याकडं मेजरच म्हणतात. त्यांना नाव टाकलेलं आवडत नाही म्हणून टाकत नाही, त्या बाजूला पहाटे कुठल्याही चहावाल्याला विचारा, सांगतो. फी महिन्याला 1200. मला दहा महिने झाले तिथं.

आता आधीचं सांगते कारण त्याशिवाय मी या बॅचला एवढं का मानते ते कळणार नाही. याच्या आधी मी शहरातल्याच एका अकॅडमीत होते, नाव घेत नाही. तीन महिन्याचं पॅकेज 18 हजार, त्यात टीशर्ट, ट्रॅकपँट आणि एक ड्रोनचा व्हिडिओ. माझी आई विडी वळते. तेंदूचा पत्ता भिजवायचा, कात्रीनं कापायचा, हजार विड्या झाल्या की मजुरी मिळणार, त्यातनं आणि बचत गटाचं कर्ज काढून तिनं ते पैसे भरलेले. तिथं माझं 800 मीटरचं टायमिंग 3:05 यायचं आणि गोळाफेकीत गोळा 6.10 मीटर जायचा. पोरींत मी पहिली नाहीतर दुसरी. तिथले सर रोज म्हणायचे तुझी वर्दी फिक्स आहे, आणि आम्ही घरातले सगळे तेच धरून बसलेलो.

2024 ची भरती आली, राज्यात 17 हजार 471 जागा, 19 जूनपासून मैदानी सुरू झाली. माझा नंबर आला, छातीवर नंबर, पायाला चिप, शिट्टी वाजली. दुसऱ्या राउंडला माझे पाय जड झाले आणि शेवटचं वळण संपता संपेना. टायमिंग आलं 3:27. गोळा 5.30. पोरींना 800 मीटरला 20 मार्क, 100 मीटरला 15 आणि गोळ्याला 15, असं 50 चं ग्राउंड. 800 मध्ये 2:50 च्या आत आलं तर पूर्ण 20, मग पुढं दर दहा सेकंदाला दोन मार्क कटतात, म्हणजे 3:05 ला 16 मिळाले असते ते 3:27 ला 12 झाले. गोळा 6 मीटर गेला तर 15 पैकी 15, ते पण गेले. 50 पैकी 25 मिळाले की पास, पण नुसतं पास होऊन काही होत नाही ओ, जागांच्या दहापटच उमेदवार लेखीला घेतात, त्या यादीत माझं नाव तीन मार्कांनी राहिलं.

मी आठ दिवस जेवले नाही नीट. घरात सगळ्यांना वाटलं मी घाबरले, मला पण तसंच वाटलं. अकॅडमीत विचारलं तर म्हणाले तुझं मानसिक कमी पडलं.

मग मामांच्या ओळखीनं मेजरकडं गेले. त्यांनी पहिल्या दिवशी पळायला लावलंच नाही. टायमिंग किती म्हणून विचारलं, मी 3:05 सांगितलं, तर म्हणाले कुठल्या ट्रॅकवर? मी म्हटलं रोडवर, एका खांबापासनं दुसऱ्या खांबाला वळसा घालून परत. म्हणाले, "मोजलंय का बाळ तू स्वतः?" आणि 30 मीटरचा टेप हातात दिला. मी आणि माझा भाऊ दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन मोजलं, तो टेप धरायचा आणि मी खडूनं खूण करायची. जाऊन येऊन 720 मीटर भरलं. तीन महिने मी 720 मीटर पळत होते आणि ते 800 म्हणून वहीत लिहीत होते. गोळा मी त्याच अकॅडमीतनं घरी प्रॅक्टिसला विकत घेतलेला, तो आमच्या गल्लीतल्या भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवला. 3 किलो 600 ग्रॅम. पोरींचा गोळा 4 किलोचा असतो. दुकानदारानं दोनदा काटा शून्यावर आणून बघितलं, तेवढंच भरलं. मी तिथं दुकानातच रडले. हरल्याचं नाही एवढं वाईट वाटलं, आईला रोज संध्याकाळी सांगायचे आज एवढं आलं म्हणून, ते सगळं खोटं निघालं त्याचं वाटलं.

म्हणून ही बॅच मला आवडते. इथला ट्रॅक 200 मीटरचा आहे, 800 ला चार फेऱ्या, दर रविवारी मेजर स्वतः टेप लावून परत मोजतात आणि नवी फक्की मारतात, मोजायला आमच्यातलेच दोघं घेतात म्हणजे कुणाला शंका नको. गोळे महिन्याच्या एक तारखेला काट्यावर चढतात, पोरींचा 4 किलो, पोरांचा 7 किलो 260 ग्रॅम, वजन खडूनं त्याच्यावरच लिहितात. टायमिंग दोन घड्याळांवर घेतात आणि जे जास्त असेल ते वहीत. पहिल्या महिन्यात माझं खरं टायमिंग 3:31 लागलं, ते बघायला फार जड गेलं, पण त्या दिवसापासनं जे कमी होत गेलं ते माझं स्वतःचं होतं.

आणि ट्रॅकवर पळायचं कसं हे कुणी शिकवतच नाही हो. 400 मीटरच्या ट्रॅकवर आतल्या पट्टीला धरून पळालं तर 400 होतात, एक लेन बाहेरनं पळालात की एका राउंडला साडेसात मीटर जास्त, दोन राउंडला पंधरा. मी 2024 ला गर्दीला घाबरून पूर्ण रेस बाहेरनं पळालेले. दुसरं म्हणजे मी पहिले 200 मीटर 38 सेकंदात मारायचे आणि शेवटच्या 200 ला मिनिट लागायचं. मेजरनी महिनाभर मला नुसतं एकच करायला लावलं, प्रत्येक 200 ला 47 सेकंद, ना कमी ना जास्त, 44 आलं तरी ओरडा आणि 50 आलं तरी ओरडा. परवाच्या रविवारी 44, 46, 47, 44 असं आलं, बेरीज 3:01. एका सेकंदानं 18 मार्क हुकतायत, त्याच्यावरच काम चालू आहे.

गोळ्याचं तर सगळंच चुकीचं होतं माझं. मी तळहातात धरून ढकलायचे, बॉल फेकल्यासारखा. इथं गोळा बोटांच्या मुळाशी बसवायचा, जबड्याखाली मानेला चिकटवायचा, आणि जोर पायातनं, कमरेतनं वर आणायचा, हात सगळ्यात शेवटी. फेकायच्या आधी मेजर गोळा मातीत लोळवतात, आणि फेकून झालं की आधी तळवा दाखवायला लावतात मग मान. तळव्याला माती लागली असेल तर तो थ्रो धरतच नाहीत, कितीही लांब गेला तरी. मानेला माती हवी. पहिले पंधरा दिवस माझा तळवा काळा आणि मान स्वच्छ. आता घरी गेल्यावर आई पहिल्यांदा माझ्या मानेकडंच बघते. खऱ्या 4 किलोच्या गोळ्यानं मागच्या महिन्यात 6.08 गेला. आणि सर्कलमधनं पुढनं बाहेर यायचं नाही, मागच्या अर्ध्यातनं यायचं, नाहीतर चांगला गेलेला थ्रो फाऊल होतो, हे पण मला इथंच कळलं.

पोरींसाठी खास सांगते. मेजरच्या मिसेस, आम्ही काकू म्हणतो, त्या रोज ग्राउंडवर असतात. त्यांनी लागल्या लागल्या सगळ्या पोरींना रक्त तपासून यायला लावलं. माझं हिमोग्लोबिन 9.2 निघालं. दमते दमते म्हणून जे मी मनाला लावून घेतलेलं त्यातलं बरंच रक्तात होतं. डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काकूंनी एकच सांगितलं, गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही, लिंबू पिळलेलं पाणी चालतं. बाकी खाणं आपलंच, ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगा-गूळ, पालेभाजी. डबे-पावडरी इथं कुणाला घ्यायला सांगत नाहीत, आणि इंजेक्शनचं कुणी नाव काढलं तर त्याच दिवशी घरी पाठवतात, एकाला पाठवलेलं मी बघितलंय. पाळीच्या दिवसात काय करायचं ते पोरींनी काकूंना सांगायचं, त्या वेगळं शेड्यूल देतात, कुणापुढं तोंड लपवायची वेळ येत नाही. आधीच्या ठिकाणी नडगी ठणकायला लागली तरी डांबरी रोडवरच पळवायचे, इथं मातीवर आणि दुखलं तर दोन दिवस पळणं बंद, नुसती दोरी आणि पोटाचे व्यायाम.

पोरांची बॅच शेजारीच चालते. बरेचसे अग्निवीरचे आहेत, त्यांना 1600 मीटर साडेपाच मिनिटात मारलं की 60 मार्क आणि दहा बीम (दांड्याला लटकून अंग वर उचलायचं) मारले की 40, शिवाय नऊ फुटी खड्ड्यावरनं उडी आणि झिगझॅग पट्टीवरनं तोल सांभाळत चालणं नुसतं पास व्हायला. पोलीसवाल्या पोरांना 1600 ला 5:10 च्या आत यावं लागतं पूर्ण 20 साठी, म्हणजे तिथं जास्त घाई. सोरेगावच्या एसआरपी (राज्य राखीव पोलीस) गटाकडं डोळा ठेवून असलेले 5 किलोमीटरवाले वेगळे, ते पहाटे आमच्या आधी येतात. अग्निशमनची तयारी करणारा एक पोरगा आहे, तो खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन चढ चढतो कारण त्याला माणूस उचलून आणायचाय. मेजर प्रत्येकाला वेगळं बघतात, एकच शिट्टी आणि सगळे पळा असा प्रकार नाही. मला यातलं बीमचं सगळ्यात आवडतं, मुलांना झोका घेऊ देत नाहीत, हनुवटी दांड्याच्या वर गेली नाही तर मोजतच नाहीत, एक पोरगा "चौदा मारतो" म्हणत आलता त्याचे इथं पाच धरले, तो दोन दिवस रुसून आला नाही आणि तिसऱ्या दिवशी परत आला.

आता कमी काय आहे ते पण सांगते. टॉयलेट नाही, कपडे बदलायला जागा नाही, पोरी घरनंच ट्रॅकपँट घालून येतात आणि काही अडचण आली तर काकूंच्या घरी पाच मिनिटं चालत जावं लागतं. पोरींच्या बॅचला याची सोय झालीच पाहिजे, मी तोंडावर पण सांगितलंय. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो, आठ-आठ दिवस ट्रॅक बंद, मग कंबर तलावाच्या बाजूला पळावं लागतं आणि तिथं टायमिंग धरत नाहीत. लेखीचं काही शिकवत नाहीत, त्याचा क्लास तुम्हाला वेगळा बघावा लागेल. लांबच्यांना त्रास आहे, मी विडी घरकुलातनं येते, भाऊ साडेचारला गाडी काढतो आणि मला सोडून मग कारखान्यात जातो. उन्हाळ्यात तर पाचला सुरू, सातला बंद, साडेपाचला आलात तर आत घेत नाहीत. हे मात्र मला पटतं, आपल्या सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन माहितीये ना, साडेसातलाच चटके बसायला लागतात, त्यात पोरांना पळवणं म्हणजे जीवाशी खेळ.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा टॉयलेटचा कापला, तो झाल्यावर बदलीन.

यायचं असेल तर फोन करू नका, मेजर उचलत नाहीत, सरळ पहाटे ग्राउंडवर या. पहिले तीन दिवस फी घेत नाहीत. नवीन बूट घेऊन येऊ नका, रोजचे वापरातले आणा, ते बघूनच सांगतात बदलायचे का नाही. रक्ताचा रिपोर्ट असेल तर काकूंकडं द्या. आणि घरी गोळा असेल तर तो पण पिशवीत घालून आणा, सगळ्यात आधी तो काट्यावर ठेवतात.